तळ्याकाठी भेटलेली कुत्री

आमच्या तळ्याकाठी आता नवी दुकानं आणि हॉटेलं झाली आहेत. तिथे कुत्र्यांनाही मज्जाव नाही. टेबलांखाली त्यांच्यासाठी पाण्याची भांडी ठेवलेली असतात. परवा सकाळी मी तिथे एकटीच चहा घेत, पाण्यावरचं कोवळं ऊन बघत बसले होते. अंगावर ताईची शाल होती. ताईला जाऊन वर्ष होत आलं.

एकाएकी एक तपकिरी कुत्री पट्ट्याला हिसडा देऊन धावत आली आणि शालीत तोंड खुपसून कण्हू लागली. मी दचकलेच. मग तिचा फाटका कान दिसला. ही तर ताईची! घर आवरताना आम्ही साड्या, भांडी वाटून घेतली आणि हिला कुणाच्या तरी हाती सोपवून मोकळे झालो होतो.

मालकीणबाई धापा टाकत आल्या. “माफ करा हं, ही एरवी कुणाजवळ जात नाही. आमच्याकडे आली तेव्हा हिचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही ओळखता हिला?”

माणूस गेल्यावर आपण आपलंच दुःख कवटाळून बसतो. त्यात या मुक्या जिवाचाही वाटा असेल, हे आमच्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

“चिमणी,” मी कसंबसं म्हणाले.

कुत्रीने झटकन मान वर केली.