करंजाशेजारची जागा

चर्चमध्ये शिरल्या की बाई आधी गुडघे टेकायच्या, पण प्रार्थनेसाठी नाही. त्या बाकाखाली बघायच्या. मागच्या रविवारचा चहाचा कागदी पेला, चॉकलेटचा कागद, कुणाच्या तरी पोराची वेफर्सची पिशवी, सापडेल ते थैलीत भरायच्या आणि कमरेला हात लावत उठायच्या. "दमले बाई मी. तुम्ही बसा, बसा," असं बाकावरच्या तरण्या मंडळींना वर ऐकवायच्या. नवे पाळकसाहेब बदलून आले, तेव्हा पहिल्याच उपदेशात त्यांनी सांगितलं, की आपल्यात एक भगिनी आहेत, त्या प्रत्येक बाकापाशी गुडघे टेकून तुमच्यासाठी प्रार्थना करतात. आम्ही माना खाली घालून हसलो. बाई उभ्या राहिल्या. "साहेब, मी कचरा काढत होते. प्रार्थना घरी करते."

आमचं चर्च दौंडचं. निम्मी मंडळी रेल्वेतली, बाकीची माझ्यासारखी, पाटसकडं कारखान्यात नाहीतर कुठल्या कंपनीत राबून आलेली. रविवारी तिथं आम्ही देवाला भेटायला जातो की नुसते टेकायला जातो, हे देवालाच ठाऊक. बाई मूळच्या शिरूरच्या, पण शिरूर म्हणाल्या नाहीत कधी, घोडनदीच म्हणायच्या. शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळ्या गावाच्या बाई. नवरा मालगाडीवर गार्ड होता, तो गेला. मूलबाळ नाही. आणि मी पंच कमिटीचा सेक्रेटरी, म्हणजे चर्चचा बिनपगारी हमाल. त्यामुळं बाईंची प्रत्येक तक्रार माझ्याच डोक्यावर.

"सलाम, सेक्रेटरी. नाताळाला पुन्हा थर्माकोल आणलंत?"

"पोरांनी आणलं, बाई."

"प्रभू गवतावर जन्मला. तुमी त्याला टीव्हीच्या खोक्यातल्या पॅकिंगवर निजवताय व्हय?"

पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः उसाचं पाचट आणून गव्हाणी सजवली. दिसायला झकास. पण पाचटाची बारीक कुसळं अंगाला लागली आणि मरीया झालेली मुलगी नाटकभर दंड खाजवत बसली. योसेफाचंही तेच. बाई पहिल्या बाकावर बसून डोळे पुसत हसत होत्या. थर्माकोल मात्र त्यानंतर आलं नाही.

हंगामाचा सण आमच्याकडं जोरात असतो. ज्यानं त्यानं आपलं पहिलं पीक वेदीपुढं आणायचं, पाळकांनी आशीर्वाद द्यायचा, मग अंगणात त्याचा लिलाव. आता शेती कुणाकडं राहिली? लोक मंडईतून सफरचंदं आणतात, स्टिकरसकट. एका वर्षी बाईंनी पाटी भरून खत आणलं आणि भोपळ्याशेजारी ठेवलं. वेदीवरची उतरलेली फुलं, लग्नातले हार, मयतीची फुलचक्रं, सगळं वर्षभर कुजवून केलेलं. पाळकसाहेब पाटीपाशी घुटमळले.

"बाई, हे पीक नाही."

"माझं तेच पिकतं, साहेब. देवानं आदामाला मातीतनंच केला ना? मंग तिला आशीर्वाद द्यायला काय जातंय?"

साहेबांनी हात पसरला. लिलावात बोली लागेना. शेवटी मीच ती पाटी घेतली, बायकोची बोलणी खाल्ली. पण आमच्या कढीपत्त्याला अशी काही पालवी फुटली, की बायकोनंच पुढच्या वर्षी विचारलं, बाईंचं खत कधी येणार म्हणून.

खरी भानगड झाली ती कबरस्थानात. नवऱ्याच्या कबरीवर बाईंनी दगड बसवला नव्हता. उशाशी करंज लावला होता. लांबून पाणी आणून, कळशी कमरेवर घेऊन त्यांनी तो जगवला. आमच्या कबरस्थानात आता बोडक्या फरश्याच फरश्या. ज्याची ऐपत जास्त त्याचा ग्रॅनाइट चकचकीत. पावसाचं पाणी मुरायला जागा नाही, ते वाहून नाल्यात जातं. सावली म्हणाल तर तेवढ्या एका करंजाची. त्याच्या बुंध्याजवळ, नवऱ्याशेजारी, बाईंची जागा राखीव होती. तिच्या पलीकडं आप्पांच्या आईची कबर. आप्पा आमच्यातलेच एक पंच, बांधकामाची कंत्राटं घेणारे, मनानं वाईट नाहीत. करंजाचं मूळ रिकाम्या जागेखालून सरकत गेलं आणि त्यांच्या आईच्या ग्रॅनाइटला मधोमध तडा गेला.

आप्पांनी मिटिंगमध्ये विषय काढला. झाड तोडायचं.

मी दिवसभर ड्युटी करून आलो होतो. मला वाटत होतं, लवकर काय ते होऊ दे आणि घरी जाऊ दे. पण आप्पा बोलता बोलता रडायला लागले. "बाई, माझ्या आईच्या छातीवरनं मूळ चाललंय हो. मला झोप न्हाई."

"आप्पा, मूळ हाय ते. तुमच्या आईला फरशीपेक्षा त्याचंच ओझं कमी."

"आन् किती दिवस वाचवणार? तुमची कबर खणायची म्हटलं की मुळं तोडावीच लागणार. एका बाजूची मुळं गेली की झाड पडलंच. मग आज काय नि उद्या काय?"

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईंच्याही नसावं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. पंखा नुसता खडखडत होता.

"मंग मला तिथं नका ठेवू," त्या म्हणाल्या. "त्या भिंतीकडं जागा हाय ना रिकामी? तिकडं टाका. लिहून घ्या, सेक्रेटरी. न्हाईतर मी गेल्यावर तुमी इसरणार."

मी लिहून घेतलं. आप्पांनी खुर्ची मागं सारली. मग "राहू द्या झाड," एवढंच बोलून उठून गेले. आईची तडकलेली फरशी त्यांनी नंतर काढूनच टाकली. तिथं आता माती आहे आणि पावसाळ्यात गवत उगवतं.

घरी सोडायला मी बाईंबरोबर चालत निघालो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बाई, फार मोठं केलंत."

"कशाचं मोठं? जल्मभर हे ड्युटीवर आन् मी घरात. मालगाडी कवा सुटंल, कवा यील, ठिकाण नसायचं. येगळं ऱ्हायाची सवयच हाय आमाला." थोडं पुढं गेल्यावर त्या थांबल्या. दम लागला असेल असं मला वाटलं. "पर वाटलं व्हतं, सेक्रेटरी, शेवटाला तरी शेजारी पडंन." त्या रडल्या, उघड्या रस्त्यावर. मी त्यांची थैली हातात घेतली आणि उभा राहिलो.

बाई मे महिन्यात प्रभूमध्ये झोपी गेल्या. ऊन असं, की पाय टेकवत नव्हता. घोडनदीहून भाचा आला, मंडळीही बरीच जमली. पेटी भिंतीकडं नेली. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं, वर बघितलं, तर खड्ड्यापाशी मी, भाचा, खणणारे दोघे आणि आप्पा. बाकी सगळी मंडळी लांब करंजाखाली दाटीवाटीनं उभी होती, रुमालानं वारा घेत. "जवळ या, माती द्यायचीय," साहेबांनी हाक मारली. एकेक जण पळत यायचा, मूठभर माती टाकायचा आणि पुन्हा सावलीत पळायचा. मला आधी राग आला. मग तोही राहिला नाही. बाईंनी ती सावली राखली होती ती लोकांनी उभं राहावं म्हणूनच ना.

सगळे गेल्यावर मी तिथंच बसून राहिलो. भिंत पूर्वेला आहे. ऊन उतरलं की करंजाची सावली तिकडंच लांबत जाते, म्हणून म्हटलं, बघू. सावली आप्पांच्या आईच्या मातीवरून पुढं आली, फरश्यांवरून आली. मी उठून मधे उभा राहिलो, जणू हाताला धरून पुढं आणता आली असती. पण दिवस मावळला, आणि सावली बाईंपर्यंत काही पोचली नाही.