ताराबाईंच्या खाचरातले कोळी

डोळखांबची एसटी शहापुरातून सुटली तेव्हा माझ्या मांडीवर कीटकनाशकाची बाटली होती आणि शेजारी नितीन. नितीन माझ्या कल्याणच्या औषधांच्या दुकानात काम करतो. त्याच्या आईच्या भातावर तुडतुडे (रोपाचा रस पिणारे बारके किडे) पडले होते आणि आई फवारू देत नव्हती. "शेठ, तुमी सांगा तिला, तुमचं ऐकंल," म्हणत त्याने मला दोन दिवसांसाठी उचललंच. तीस वर्षं औषधं विकलेला माणूस मी. असल्या कामाला माझी ना कशाला असेल?

दिवाळी दहा-बारा दिवसांवर होती. घाटाच्या अलीकडचे डोंगर अजून हिरवे होते, उतारावरचं भात मात्र पिवळं पडू लागलं होतं. एसटीतून उतरल्यावर पाड्यापर्यंतची वाट बांधावरून जाते. शहरी बुटांनी माझा घात केला आणि मी एका खाचरात (बांध घातलेल्या भातशेतात) गुडघ्यापर्यंत उतरलो. बांधावर उभ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "हळू. चूड मोडंल." चूड म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांचा झुपका. माझ्या पायाची चौकशी नाही! ह्याच नितीनच्या आई, ताराबाई.

दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण झालं. तिखट असं की कानातून वाफा. मग मी विषय काढला.

"गेल्या साली वरच्या खाचराला मारलं," ताराबाई म्हणाल्या. "चार दिस एक किडा नाय. मंग असं आलं, का अख्खं करपून गेलं."

"औषध कमी पडलं असेल."

"पुरं पडलं. तुडतुडं खानारं कोळी पन मेलं ना त्यात."

"आई, या साली खालचं पन गेलं तर?" नितीन चिडून म्हणाला. "वर्षभर काय खायाचं?"

वरचं यंदा लावलंच नव्हतं; वर्षाचा तांदूळ आता त्या एका खालच्या खाचरातच होता. ताराबाईंनी उष्टी ताटं गोळा केली. शेवटी म्हणाल्या, "सकाली परात लावून बघू. मंग शेठ सांगतील तसं."

पहाटे थंडी होती. नितीन पाठीला पंप लावून पुढे, मी अनवाणी मागे. डोंगरामागून ऊन आलं आणि मी बांधावरच थांबलो. अख्ख्या खाचरावर कोळ्यांची जाळी होती. या बांधापासून त्या बांधापर्यंत, लोंबीपासून लोंबीपर्यंत, दंवाने भिजून चकाकत. एक चूड सुटली नव्हती. काल मी याच शेतात पडलो होतो आणि मला एक धागा दिसला नव्हता. त्रेसष्ट वर्षांचा मी, पण अंगावर सरसरून काटा आला.

ताराबाई आत उतरल्या. परातीत थोडं पाणी घेतलं, ती एका चुडीच्या बुडख्याशी धरली आणि चुडीवर थाप मारली. खालच्या कोपऱ्यात धान करपू लागलं होतं, तिथे परात किड्यांनी काळी झाली. मधल्या चुडींखाली मात्र चार-पाच तुडतुडे पडले आणि त्यांच्यात तीन कोळी. एका कोळिणीने पोटाशी अंड्यांची पांढरी गोळी धरली होती.

"खायाला मिललं तसं यानला पन पोरं झाली," ताराबाई म्हणाल्या.

मी त्या परातीकडे बघतच राहिलो. चारी बाजूंनी भात उभं, तुडतुड्यांना खाण्याची वानवा नाही, तरी मधे त्यांची संख्या वाढत नव्हती. ते वाढले की कोळी वाढायचे, आणि मग तुडतुड्यांना आवर बसायचा. कुणी हुकूम दिलेला नाही, कुणी राखण ठेवलेली नाही. केवढी ही व्यवस्था, आणि आम्ही ती बाटलीभर औषधाने धुवायला निघालो होतो.

"सांगा शेठ," नितीन म्हणाला. त्याचा हात पंपाच्या दांड्यावर होता.

मी नको म्हणालो आणि शेत गेलं, तर उपास त्यांना, मला नव्हे.

"उतरव पंप," मी म्हणालो.

नितीनने तो बांधावर आदळला. ताराबाईंनी बांध फोडून खाचरातलं पाणी काढून टाकलं. कोरड्यात तुडतुड्यांना तग धरवत नाही म्हणे.

परतताना एसटीत मी हिरवे डोंगर बघत बसलो. त्या हिरव्यात कोण कोणाला आवरून धरत असेल, याचाच विचार मनात होता. पुढचे तीन आठवडे मात्र सारं आश्चर्य बाजूला राहिलं. नितीन दुकानात शिरला की मी आधी त्याचं तोंड बघायचो.

एका सकाळी त्याने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे ताराबाई होत्या. कापणी झाली होती. खालचा कोपरा करपून गेला, बाकी भात घरात आलं.

"कोपऱ्याचं वाईट वाटलं हो," मी म्हणालो.

"जाऊं दे, शेठ," ताराबाई म्हणाल्या. "तेवडं तुडतुड्यानला नाय दिलं, तर कोळी खातील काय?"