ऐनाचा शेंडा

वैशाखात भाताचं रोप टाकण्याआधी फांद्या जाळून जमीन भाजतात. त्या राबासाठी माझा शेजारी दरवर्षी ऐनाच्या झाडावर फांद्या तोडायला चढायचा, पण शेंड्याला कधी कोयता लावायचा नाही. "झाड मरंल ना रे," एवढंच म्हणायचा.

लोकसभेच्या प्रचारात एक पक्ष त्याला सांगून गेला, राब जाळू नका, हवामान बिघडतं. दुसरा म्हणाला, खुशाल जाळा, आम्ही पाठीशी आहोत. रस्ता रुंद करायला तोडायच्या झाडांवर तांबडे आकडे पडले होते. त्याचा ऐनही त्यात होता. "आन ह्याचा काय?" त्याने दोघांनाही विचारलं. दोघांनीही हात जोडले आणि गाडीत बसले.

मतदान करून आला तो थेट ऐनावर चढला आणि त्याने शेंडाच उतरवला. मी खालून ओरडलो.

"आता राखू कोनासाठी?" तो म्हणाला.