कूलरच्या हवेत सुकलेली होडी

होडी करायची ठरवली त्या दिवशी मी एकटी पडले. दोष सोबत्यांचा आहे असं मी बरेच महिने मानत होते. आता अर्धाच मानते.

रावेर तालुक्यातलं एक गाव आहे. धरणाचं फुगलेलं पाणी त्या गावाच्या आणि त्याच्याच शेतांच्या मधे येऊन बसलं आहे. घरं अलीकडे, केळीच्या बागा पलीकडे. रस्त्याने जायचं तर वळसा इतका मोठा की अर्धा दिवस त्यातच जातो. म्हणून माणसं ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बाज बांधतात, बाजेवर बसतात आणि तुटक्या फळीने पाणी मागे सारत पलीकडे जातात. घरात झोपायची तीच बाज. पूल कागदावर आहे. मी त्यावर पत्रकं लिहिली, स्वतः वाटली, कचेरीच्या पायऱ्यांवर बसले. उत्तर आलं की प्रस्ताव विचाराधीन आहे. विचार करणारे कोरड्या जमिनीवर राहतात.

कचेरीसमोरच्या धरण्याला गावातून शेवटपर्यंत येणारी एकच बाई होती. साठी ओलांडलेली, नवरा नाही, पलीकडे केळीचा एक तुकडा. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणते. एकदा ती खताच्या गोणीसकट बाजेवरून पाण्यात गेली. काठावरच्यांनी पदर धरून ओढून काढली. मी भेटायला गेले तर म्हणाली, "मी वाचली, पन गोनी गेली ना माय." तिथेच मी बोलून गेले की अक्का, पुढचं पाणी चढायच्या आत तुला होडी देते.

जळगावात चहाच्या टपरीवर पूल मागणाऱ्या आमच्या गटाची बैठक झाली. मी होडीचं सांगितलं. गटातला धुळ्याचा सोबती, ज्याच्याकडून मी पत्रक लिहायला शिकले, कप खाली ठेवून म्हणाला, "तू होडी करशी, मंग पूल कोन मांगी? सरकारनी सोय तूच करी राहिनी."

"पूल येईपर्यंत अक्काने बाजेवर बसायचं?"

"अक्का एकली नही शे. बठ्ठा गाव शे."

"मग बठ्ठ्या गावाच्या वतीने तू एकदा बसून ये त्या बाजेवर."

त्या आठवड्यात फोनवरच्या गटातून माझं नाव निघालं. कोणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. नुसता फोन वाजायचा बंद झाला.

जळगावजवळ असोद्याला आमचं घर आहे. आई भावाकडे नाशिकला राहते, त्यामुळे घरात मी एकटीच. मागे पत्र्याची शेड आहे, पूर्वी तिथे कापूस भरायचे. होडी कशी बांधतात ते मी फोनवर पाहून शिकले. प्लायचे लांब तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने गोधडीसारखे शिवायचे. मग सांध्यात इपॉक्सी भरायची. ती दोन बाटल्यांत येते, एकीत राळ, दुसरीत तिला घट्ट करणारं औषध. दोन्ही मापात मिसळली की ठराविक वेळात दगड होते. त्यावर काचेच्या धाग्याची पट्टी चिकटवायची. दाखवणारी सगळी माणसं थंड देशातली, स्वेटर घालून होडी बांधणारी.

प्लाय घ्यायला गेले तर दुकानातले मारवाडी शेठ म्हणाले, "किचनसाठी का, ताई?"

"होडीसाठी."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ताई, जळगावात माणूस कूलर घेतो. होडी घेताना मी अजून कोणाला पाहिलं नाही." पण प्लाय त्यांनी स्वतः उभं राहून निवडून दिला. प्रत्येक फळीच्या कडेवर बोट फिरवून पोकळी आहे का ते बघितलं.

शेजारची काकू कुंपणावरून रोज पाहायची. चौथ्या दिवशी तिने विचारलंच, "रुखवतात ठेवाले करू राह्यली का वं? पोरगं कुठलं?" मी म्हटलं, पोरगं ठरलं नाही, होडी ठरली आहे. ती जाऊन गल्लीत सांगून आली. पण हात लावायला कोणी आलं नाही. दुसऱ्या टोकाला धरायला माणूस नसेल तर आठ फुटी फळी वाकवणं काय असतं ते मला विचारा. एक टोक गुडघ्याने दाबायचं, दुसरं भिंतीला टेकवायचं, तार दातात धरायची.

वैशाख होता. पहिल्यांदा इपॉक्सी मिसळली आणि ब्रश उचलेपर्यंत प्लास्टिकच्या मगमधून धूर यायला लागला. तो वितळून वाकडा झाला, आत पिवळा दगड. दुसऱ्या वेळीही तेच. बाटल्यांबरोबर आलेल्या कागदावर दिलेली वेळ आमच्या उन्हाला माहीत नव्हती. मग मी तेच केलं जे खानदेशात कोणीही केलं असतं. माणूस तापो, म्हैस तापो, नाहीतर पाण्याची मोटर, आमच्याकडे पहिला उपाय ठरलेला. घरातला कूलर ओढत शेडमध्ये आणला, वाळ्याची पट्टी नवीन लावली, टाकी भरली आणि होडीच्या तोंडावर सोडला.

जादू झाली. इपॉक्सी शहाण्यासारखी वागू लागली. मी आतल्या सांध्यांमध्ये भुसा मिसळलेली इपॉक्सी बोटाने भरली, दुसऱ्या दिवशी त्यावर काचेची पट्टी बसवली. मग होडी उलटी करून बाहेरून पट्टी लावली, थेट कोऱ्या लाकडावर. सगळं चकचकीत दिसत होतं. शेडमध्ये वाळ्याचा वास. मी होडीतच बसून भाकरी खाल्ली. किती दिवसांनी जेवण चवीला लागलं.

पावसाळा सरत आला, धरणाचे दरवाजे बंद होऊन पाणी चढायची वेळ जवळ आली. मी पत्रक छापलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात उतरेल, सरकारला जे जमलं नाही ते एका शेडमध्ये झालं, असं ठणकावून लिहिलं. वर्तमानपत्राच्या वार्ताहराला कळवलं. एक प्रत धुळ्याच्या सोबत्यालाही पाठवली, चिठ्ठीशिवाय.

दोन दिवस आधी रंगाचा शेवटचा हात देताना आतल्या पट्टीचं एक टोक किंचित उचललेलं दिसलं. मी नखाने धरलं. वीतभर आलं. ओढलं तर केळीच्या खुंटावरून सालीचं सोपट सुटावं तशी अख्खी पट्टी माझ्या हातात आली, खाली सांधा काचेसारखा गुळगुळीत.

तेव्हा मी तो बाटल्यांबरोबरचा कागद उलटून पाहिला. मागच्या बाजूला, सगळ्यात खाली लिहिलेलं: दमट हवेत सुकल्यास वर मेणचट थर धरतो, तो साध्या पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. कूलरने रात्रभर ओली हवा मारली होती, आणि मी त्या मेणावर पट्ट्या चिकटवल्या होत्या. पत्रकाची मागची बाजू लोक वाचत नाहीत म्हणून मी आयुष्यभर ओरडत आले.

बाहेरची पट्टी कोऱ्या लाकडावर बसलेली, ती पक्की होती. म्हणजे होडी तरंगली असती. फोटो निघाला असता. चार दिवस, कदाचित महिनाभर चालली असती. मग एखाद्या दिवशी गोणीच्या वजनाने मधला सांधा उघडला असता, आणि तेव्हा काठावर पदर धरायला कोणी असतं की नाही, कोण सांगणार. तो रंगाचा डबा घेऊन मी बराच वेळ बसले. पट्टी परत दाबून वरून रंग मारायला पाव तास लागला असता. हे मी लिहिते आहे कारण तो पाव तास मी खरंच मोजला. ठेकेदार मोजतात तसाच.

ठरल्या दिवशी मी होडी न घेता गावी गेले. काठावर वीस-पंचवीस माणसं होती, वार्ताहर होता, धुळ्याचा सोबतीही मागे उभा होता. मी सांगितलं की सांधे माझ्या चुकीने कच्चे राहिले, ते सगळे काढून परत करावे लागतील.

एकजण म्हणाला, "मंग तुह्यात आन् ठेकेदारात फरक काय राह्यला?"

वार्ताहराने वही बंद केली. जाताना सोबत्याने माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मला हिणवण्यापेक्षा जड गेलं.

अक्काने विचारलं, "म्हंजे आजबी ट्यूबच?"

"हो."

ती बाजेवर बसली, फळी घेतली आणि गेली. रागावली नाही. सरकारी माणूस येऊन गेल्यावर लोक आपल्या कामाला जातात तशी गेली.

पुढचे तीन आठवडे मी पट्ट्या सोलल्या, सांधे पाण्याने घासले, पॉलिश पेपरने घासले, पहाटेच्या गारव्यात थोडी थोडी इपॉक्सी मिसळली. कूलर घरात नेऊन ठेवला. पाणी चढत होतं. संध्याकाळी मी अक्काला फोन करायची, "आलीस का घरी?" ती म्हणायची, "आली." कधी, "आली, बाजीची दोरी तुटली होती." एवढंच. माझ्या दिवसात माणसाचा आवाज तेवढाच. एका संध्याकाळी फोन बंद लागला. मी मोटरसायकलला किक मारली आणि नशिराबादच्या पुढे हायवेवर असताना तिचाच फोन आला. चार्जिंग संपलं होतं. रस्त्याच्या कडेला गाडी लावली. मग तिथूनच परत वळले.

होडी केळीच्या रिकाम्या गाडीतून गेली. काठावर अक्का होती आणि दोन बकऱ्या. होडी पाण्यात उतरवल्यावर मी स्वतः आत उभी राहून नाचले, वाकून प्रत्येक सांध्यावर हात फिरवला. कोरडा. दोन माणसांची जागा केली होती, मागची फळी माझी असं मी मनात धरून होते. अक्काने तिथे खताची गोणी ठेवली.

"तू बसशील तं गोनी कुठी ठेवू?" ती म्हणाली. खरंच होतं.

तिचे वल्ह्याचे दोन-चार हात चुकले, मग जमलं. पलीकडे पोचल्यावर तिने दोरी बाभळीला बांधली आणि केळीत शिरली. मी दुपारपर्यंत काठावर बसले. उगाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सवयीने फोन लावला. "आलीस का घरी, अक्का?"

"कवाच आली. आता काबरं इचारतं?" ती म्हणाली, आणि तिच्या चुलीवर काहीतरी उतू गेलं म्हणून फोन ठेवला.