तात्यांची पालथी बादली

कुपवाडच्या कारखान्यात मशीन धडधडत होतं, म्हणून फोनवर "तात्या गेले" एवढंच ऐकू आलं. मी ओरडलो, "कुठं?" त्यांचा पाय कधी एका मैदानावर ठरतच नसे! मग पलीकडून हुंदका आला, तेव्हा उमगलं...

तात्या, म्हणजे आमचे सुभेदार, फौजेतून कडेगावला परतले ते बेसबॉल घेऊनच. मी त्यांचा पिचर, म्हणजे बॉल फेकणारा. माझा बॉल कडेगावात सुटला की मिरज जंक्शनवर गाड्या थबकायच्या, म्हणजे मी तरी तसं सांगतो. अशात कोपर सुजलं. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं, हळूहळू, बेतानं फेक, नाहीतर हात कायमचा गेला. तात्यांनी त्यावर दुधाची पत्र्याची बादली काढली. त्या दिवशी जेवढे बॉल फेकायचे तेवढेच तीत. बादली रिकामी झाली की पालथी घालून तात्या वर बसणार. मग साक्षात इंद्रानं मागितला तरी पुढचा बॉल नाही!

तरी सूज हटेना. तात्या चक्रावले, आणि एका सकाळी थेट आमच्या रानात आले. मी माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, उभा राहून ज्वारीवरची पाखरं गोफणीनं हाणत होतो.

"आरं गड्या, मैदानात मी थेंब थेंब सोडतोय, आन हितं तू धरणच फोडलंयस!"

"आवं तात्या, ह्ये तर रानातलं काम हाय."

"हाताला काय ठावं, बॉल हाय का दगड? उतर खाली!"

ज्वारी काढेपर्यंत आमच्या माळ्यावर सुभेदारसाहेब! नेम असा अचाट, की चार गावची पाखरं तमाशा बघायला यायची. आई म्हणायची, "आवं भावजी, हाकलताय का आवतण देताय?" पण माझ्या कोपराची सूज उतरली.

मग साताऱ्याच्या संघाशी फायनल. माझा हात नुसता पेटला होता, कुणाची बॅट बॉलला लागेना! शेवटच्या डावात तात्या बादली घेऊन मैदानात आले आणि माझ्यासमोरच पालथी घालून बसले. अंपायरला कळेना, हा कुठला नियम.

"तात्या, थोडकंच ऱ्हायलंय!"

"तुझं लय ऱ्हायलंय. चल भाईर."

इथून पुढं मी नेहमी 'आम्ही जिंकलो' असं सांगतो. तात्यांसमोर सांगितलं तरी ते गालात हसून मान डोलवायचे. हरलो. पण त्या हातानं मी आजही फेकतोय.

दहाव्याला तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, बादली माझ्या हवाली केली. परवाच्या रविवारी भर दुपारी हात असा काही सुटला, की सगळे ओरडायला लागले, "आजून येक!" बादलीत बघितलं. रिकामी. पालथी घातली, वर बसलो आणि... आई गं! तापलेला पत्रा, चटकाच बसला. इतकी वर्षं तात्या यावर हूं की चूं न करता बसायचे?

उठलो नाही मात्र.