कॅमेऱ्याखालची खाट

आमच्या भिवंडीच्या नारपोलीत हळू कुणी बोलत नाही. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असले की नवरा-बायकोचं भांडणसुद्धा ओरडून करावं लागतं, आणि तरी ते शेजारी पोचत नाही. आईनं अख्खा संसार या खडखडाटाच्या आडोशानं केला. सासूच्या कागाळ्या, बाबांवरचा राग, मला वयात येताना सांगायच्या गोष्टी, सगळं मोठ्यानं.

अर्धांगवायूनं ती खाटेला खिळली. जीभ तेवढी वाचली. बंगळुरूच्या दादानं बाई लावून दिली. ती दिघाशीहून येते आणि मी राहनाळच्या गोडाऊनमधली ड्युटी संपवून परतले की जाते. तिचा पगार दादा देतो. त्यानं एकच अट घातली, आईच्या खाटेवर कॅमेरा. अशा कामाच्या बायका म्हाताऱ्यांना मारतात, त्याचे व्हिडिओ त्यानं पाहिले होते. त्याची भीती खोटी नव्हती, हेच माझं दुर्दैव.

पण जिनं जन्मभर कडी लावून साडी बदलली, तिचं हगणं-मुतणं आता मुलाच्या आणि सुनेच्या फोनवर दिसायला लागलं. पहिल्याच आठवड्यात मी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. चहाला उकळी यायच्या आत दादाचा फोन.

"काढ तो टॉवेल."

"दादा, निदान तिला पुसताना तरी नको रे."

"तेव्हाच तर बघायला हवं. आणि आपलीच आई ना ती? लाज कसली?"

"लाज तिची आहे. तुझी कोण विचारतंय?"

"मग बाईचंही तूच बघ."

मी टॉवेल काढला. बाईचा पगार मला झेपणारा नाही, आणि नोकरी सोडून आईजवळ बसावं तर दोघींनी खायचं काय? निराधारांच्या योजनेत ती बसत नाही, कारण तिला कमावता मुलगा आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आमच्या आळीतले एक वकील भले गृहस्थ. म्हणाले, ज्येष्ठांसाठी कायदा आहे, आईच्या नावानं प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा, मुलाला खर्च द्यावाच लागेल. मला हायसं वाटलं. मग मी कॅमेऱ्याचं विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. कायद्यात अन्न आहे, वस्त्र आहे, निवारा आहे, औषधपाणी आहे. कॅमेऱ्याचं काही नाही. "खासगीपणा हा मूलभूत हक्क आहेच हो," ते म्हणाले, "पण त्यासाठी हायकोर्टात जावं लागेल." मला हसू आलं आणि रडूही. आधी खर्चाचा अर्ज करू, असं ठरवून मी घरी आले. दादाच्या उपकारातून सुटलो की कॅमेरा मी स्वतःच्या हातानं उपटणार होते.

आणि तिथेच माती खाल्ली. तो शुक्रवार होता. शुक्रवारी माग बंद असतात, हे भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आईच्या कानात ते कधीच बंद होत नाहीत. "दादावर केस करायची? कर! अंगठा देते मी!" ती नेहमीसारखी ओरडली, आणि मीही सवयीनं तसंच ओरडून तिला सगळं समजावलं. कॅमेऱ्याला डोळा असतो, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. त्याला कानही होता. इतके दिवस त्याला फक्त माग ऐकू गेले होते.

दादाचा फोन आला तेव्हा तो रडत होता. "आई माझ्यावर केस करणार? करू दे. उद्यापासून बाई बंद." फोन मी आईच्या कानाला लावला. मुलगा रडतोय म्हटल्यावर ती विरघळली. "नाही रे बाळा, नाही करत. राहू दे कॅमेरा," म्हणाली. अर्ज तिथंच संपला. मला तिचा इतका राग आला, की त्या दिवशी मी तिच्याशी बोललेच नाही.

त्यानंतर ती कुजबुजायला लागली. माग चालू असताना तिचे नुसते ओठ हलताना दिसत. काही दिवसांनी बाई म्हणाली, "ताई, आजी पानीच पीत न्हाय. गिलास तोंडाला लावला का दात आवळतान." डॉक्टरांनी मूत्रपिंडाची भीती घातली. मी हात जोडले, ओरडले, चमच्यानं पाजायला गेले. पाणी गालावरून उशीवर गेलं. तिचे ओठ भेगाळले होते.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले होते. माग बंद होते, म्हणून तिची कुजबुज मला ऐकू आली. "पाणी प्यालं की पुसावं लागतं. तो बघतो." मग थोड्या वेळानं म्हणाली, "दिवा घालव आणि पाज. अंधारात त्याला काय दिसणार?"

कॅमेऱ्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, अंधारातही स्वच्छ दिसतं. बसवला त्या दिवशी मीच ते वाचलं होतं.

मी खिडकी लावली, दिवा घालवला.

"दिसत नाही ना आता?"

"नाही गं. काहीच दिसत नाही."

ती घटाघटा प्याली आणि आणखी मागितलं.