जीपमधला गणपती

माझ्या घरमालकीणकाकूंना जगातली कुठलीही गोष्ट जमते. फक्त गाडीत बाजूच्या सीटवर बसणं जमत नाही. नोकरीसाठी नेदरलँड्समधल्या आर्नहेमला आले आणि त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच शनिवारी हे माझ्या लक्षात आलं. आम्ही तिघं भाजी आणायला निघालो होतो. काका चालवत होते, काकू शेजारी, मी मागे. काकूंचा उजवा पाय, जिथे ब्रेक नव्हताच तिथे, रस्ताभर दाबलेला होता. "अहो, गिअर बदला, गाडी रडतेय," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "रडत नाहीये. इंजिनाचा आवाज आहे तो." "तेच म्हणतेय मी. इंजिन रडतंय." काकांनी गिअर बदलला आणि रडणं थांबलं. ती गाडी काकांना कंपनीने दिलेली होती, आणि ती बायकोने चालवायची नाही हा नियम काकांनी कंपनीच्या वतीने स्वतःच केलेला होता. त्यामुळे इथलं लायसन्स मिळवूनही काकू वर्षानुवर्षं नसलेला ब्रेक दाबत बसल्या होत्या.

मला त्या 'कॉन्व्हेंट' म्हणायच्या. भाडेकरारावर माझं नाव होतं, ते त्यांनी वाचलंही होतं, पण माझं मोजकं, जपून बोललेलं मराठी ऐकून त्यांनी त्याच दिवशी बारसं उरकलं. "तू बोलतेस की दाताच्या डॉक्टरकडे बसली आहेस? मोठ्याने बोल, मराठी आहे, फुटत नाही." मी त्यांना काय म्हणू असं विचारलं, तर म्हणाल्या, "काकू म्हण. पण काकांची बायको म्हणून नको. मी स्वतंत्र काकू आहे." पंचवीसेक वर्षांपूर्वी त्या काकांच्या मागोमाग या देशात आल्या, तेव्हा त्यांच्या इथे राहण्याच्या परवान्यावर डिपेंडंट असा शब्द होता. तो त्यांना अजून बोचत होता. "कोण कुणावर डिपेंड आहे ते ह्यांना विचार. म्हणावं, आधी तुमचे मोजे कुठल्या खणात आहेत ते सांगा." काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "दुसऱ्या." ते तिसऱ्यात होते.

काकूंचे वडील सांगलीजवळ जीप आणि ट्रक दुरुस्त करत. काकू लहानपणी तिथेच वाढल्या. कुठला पाना कशाला लागतो हे त्यांना पाढ्यांआधी येत होतं, पण वडिलांची जीप चालवायला मिळाली ती भावाला. वडील गेल्यावर जीपही भावालाच गेली. त्याने नवं, मऊ डॅशबोर्ड बसवलं आणि जुन्या डॅशबोर्डवरचा बोटभर उंचीचा पितळी गणपती काकूंना पाठवून दिला, कारण नव्यावर तो शोभत नव्हता. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत, कोथिंबिरीच्या कुंडीशेजारी उभा असे. पाहुण्यांनी मूर्ती छान आहे म्हटलं की काकू एकच वाक्य सांगत, आणि दर वेळी त्याच चालीत: "भावाला जीप मिळाली, मला जीपमधला गणपती मिळाला. आता मी गणपतीला गाडी मिळवून देणार आहे."

पाहुणे हसायचे. मग एके दिवशी खरोखरच इंग्लंडहून मोठमोठे लाकडी खोके आले. साठच्या दशकातल्या एका उघड्या, दोन सीटच्या इंग्लिश स्पोर्ट्स कारची हुबेहूब प्रतिकृती घरी जुळवायचं ते सामान होतं: लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी, आणि पिशव्या भरून नटबोल्ट. इंजिन एका अपघात झालेल्या गाडीतून काढून आणलेलं होतं. खोके आणणाऱ्या माणसाने सहीसाठी यंत्र काकांपुढे धरलं. काकूंनी खांद्यावरची पर्स काढून काकांच्या दोन्ही हातांत ठेवली आणि सही केली. तेव्हापासून हीच पद्धत पडली. सुट्या भागांच्या दुकानात, टायरवाल्याकडे, वेल्डिंगवाल्याकडे, समोरचा माणूस काकांकडे बघून बोलायला लागला की काकू पर्स काकांच्या हातात देत आणि मध्ये उभ्या राहत. पर्स छातीशी धरलेल्या माणसाला ब्रेकच्या नळीबद्दल काही विचारावंसं कुणालाच वाटत नसे.

घरामागच्या रांगेत एक गॅरेज त्यांनी भाड्याने घेतलं होतं. गाडी तिथे उभी राहत होती, पण सुटे भाग घरभर होते. छोटे बोल्ट आणि वॉशर त्यांनी मिसळणाच्या जुन्या डब्यात लावले होते, मोहरीच्या वाटीत लहान, धण्याच्या वाटीत मोठे. नवा डबा आणि जुना डबा दिसायला सारखेच. एका रविवारी माझ्यासमोर काकांच्या पोह्यात वॉशर निघाला. काकांनी तो जिभेने बाजूला केला, बशीच्या कडेला ठेवला आणि विचारलं, "हा शोधत होतीस का?" "हाच," काकू म्हणाल्या, "पुढच्या डाव्या चाकाचा." तो धुऊन त्यांनी पदराच्या टोकाला बांधला आणि काकांना आणखी पोहे वाढले.

थंडीत गॅरेजमध्ये रंग वाळेना, म्हणून गाडीचं बॉनेट बैठकीच्या खोलीत आलं आणि दोन महिने तिथेच राहिलं. संक्रांतीचं हळदीकुंकू त्याच्याभोवतीच झालं. मराठी मंडळातल्या बायका गडद हिरव्या बॉनेटभोवती अवघडून बसल्या होत्या. एकीने कौतुकाने विचारलं, "भाऊजींचा छंद वाटतं हा?" काका आतून म्हणाले, "नाही हो, मी छंद. ते काम आहे." दुसरी म्हणाली, "पण डुप्लिकेटच ना शेवटी?" काकू तिळगुळ वाटत होत्या, त्या थांबल्या नाहीत. "मूळवाल्यांनी कारखान्यात, शंभर माणसं लावून केली. मी एकटीने केली. डुप्लिकेट कुठली ते तुम्हीच ठरवा. घ्या, तिळगुळ घ्या."

त्यांच्यामागे एक घाई होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. काका निवृत्त होणार होते, पुण्यात फ्लॅट तयार होता, दिवाळीनंतर दोघं कायमचे परत जाणार होते. गाडी तिकडे नेता येणार नव्हती. घरी जुळवलेली गाडी इथेही सरकारी तपासणीत पास झाल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. पास झाली तरच नंबर प्लेट. म्हणजे सगळं जुळून आलं तरी काकूंना ती जेमतेम काही आठवडे चालवायला मिळाली असती. मीसुद्धा एकदा, टॉर्च धरून उभी असताना, हळूच म्हणाले, "काकू, एवढ्यासाठी?" गाडीखालून आवाज आला, "जेवण संपणार म्हणून कुणी उपाशी बसतं का? टॉर्च नीट धर. या देशात मी बाजूला बसून आले. जाताना बाजूला बसून जाणार नाही."

पहिल्या तपासणीला ट्रेलरवर गाडी घालून आम्ही गेलो. मला सोबत नेलं ते साक्षीदार म्हणून. डॅशबोर्डवर मधोमध, दोन स्क्रूंनी पक्का केलेला, जीपमधला गणपती होता. तपासणारा माणूस उंच, शांत आणि अतिशय सभ्य होता. तो काकांशी बोलायला लागला. पर्स हातात आली. काकूंचं डच नगरपालिकेच्या वर्गात शिकलेलं, चुकांनी भरलेलं आणि न थांबणारं होतं. तो माणूस लवकरच त्यांच्याकडे वळला. त्याने दिव्यांचा झोत पाहिला. दिवे इंग्लंडचे, त्यामुळे झोत चुकीच्या बाजूला, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात होता. काकू म्हणाल्या, "बरोबर आहे. बदलते." आरशाची एक पट्टी धारदार होती. "बरोबर आहे. घासते." मग तो आत वाकला आणि त्याने बोटाने गणपतीचा मुकुट चाचपला.

नियम असा होता की अपघात झाला तर डोकं जिथे आपटू शकतं, तिथे टोकदार असं काहीही पक्कं बसवलेलं असता कामा नये. काकू म्हणाल्या, "हा देव आहे."

"मॅडम, देवाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही," तो म्हणाला. "मुकुटाबद्दल आहे."

"हा तीस वर्षं जीपमध्ये होता. कुणाचं डोकं फुटलं नाही."

"ती जीप मी तपासलेली नाही."

काकूंनी काकांच्या हातातून पर्स परत घेतली. मी त्यांना तसं करताना पहिल्यांदाच बघत होते. "मग राहू दे," त्या म्हणाल्या. गाडी पुन्हा ट्रेलरवर चढली. परतीच्या वाटेवर काकूंनी एकदाही ब्रेक दाबला नाही. काका उगाच खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाला रडवत होते, तरी त्या काही बोलल्या नाहीत.

पुढची तारीख ऑगस्टमधली मिळाली आणि तीच शेवटची होती. दिवे बदलले, पट्टी घासली. गणपती तिथेच. मंडळातून सल्ले येऊ लागले. तात्पुरता काढा, पास झाल्यावर परत लावा, असं सगळ्यांचं म्हणणं. काकू भडकल्या. "लपवून ठेवायचा? चोरीचा आहे का तो? ज्याच्यासाठी गाडी केली त्यालाच दाराबाहेर उभा करू? जाईल तर त्याला घेऊन जाईल, नाहीतर गाडी इथेच गंजू दे." काका म्हणाले, "फायबर गंजत नाही." "मग तुम्ही गंजा."

तपासणीच्या आदल्या दिवशी, सकाळी, काकूंनी गॅरेजमध्ये गाडीची पूजा मांडली. भांडण कितीही असलं तरी पूजा चुकवायची नाही. विड्याची पानं नव्हती, म्हणून सुपरमार्केटमधलं पालकाचं पान घेतलं. त्यावर तांदूळ, तांदळावर सुपारी. काका मोबाइलवर बघून मंत्र म्हणत होते आणि दर दोन ओळींनी स्क्रीन काळा होत होता. सुपारीत गणपतीचं आवाहन झालं. काकूंनी तिच्यावर अक्षता टाकल्या, गंध लावलं, आणि हात तसाच ठेवून थांबल्या.

"अहो, थांबा."

"मी थांबलोच आहे. बॅटरी गेली."

काकूंनी सुपारी उचलली. तिच्यावरून सगळीकडून अंगठा फिरवला, जसं त्या माणसाने मुकुटावरून बोट फिरवलं होतं. "कॉन्व्हेंट, इकडे ये. कुठे लागतंय का बघ." मी बोट फिरवलं. कुठेच लागत नव्हतं. घरच्या प्रत्येक पूजेत लहानपणापासून ही सुपारी मी बघितली होती, आणि ती गणपती आहे हे एखाद्या पत्त्यासारखं मला माहीत होतं. त्यापलीकडे कधी विचार केला नव्हता. काका म्हणाले, "पण मग मूर्ती काढायची म्हणजे आपण हरलो, असं नाही का?" काकूंच्या हातात तोवर स्क्रू ड्रायव्हर आला होता. "त्याने टोक नको म्हटलं. देव नको म्हटलं नाही. टोक आपण पर्समध्ये ठेवू."

डब्यातल्या सुपाऱ्या ओतून त्यांनी त्यातली सर्वांत गुळगुळीत निवडली. डॅशबोर्डच्या चामड्याखाली मऊ रबराची खोबण केली आणि सुपारी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी बसवली. दुसऱ्या दिवशी तो उंच माणूस पुन्हा आत वाकला. "आणि हे काय?" "तोच," काकू म्हणाल्या. "तुमच्या नियमात बसणारा." त्याने आपलं मापाचं साधन लावलं, अंगठ्याने दाबलं, पुन्हा एकदा दाबलं. मग सरळ उभा राहिला आणि काकांकडे न बघता, थेट काकूंना म्हणाला, "आता मुकुटाबद्दलही काही म्हणणं नाही."

नंबर प्लेट आली त्या दिवशी काकूंनी ती स्वतः लावली. पहिल्या फेरीला काका बाजूच्या सीटवर बसले. मांडीवर पर्स, पर्समध्ये पितळी गणपती. त्याला दिसावं म्हणून तिची चेन थोडी उघडी. गॅरेजमधून निघून त्या नदीकडच्या रस्त्याला लागल्या आणि मी पदपथावरून बघत राहिले. वळणावर मला काकांचा उजवा पाय दिसला नाही, पण तो कुठे दाबलेला असेल याची मला खात्री होती. त्यानंतरचे सगळे आठवडे काकूंनी गाडी चालवली. पावसात छत नसताना, रेनकोट घालून, भाजीला, वाचनालयाला, आणि मुद्दाम लांबच्या रस्त्याने मंडळाच्या गणेशोत्सवाला.

निघण्यापूर्वी गाडी विकावी लागली. घेणारा जवळच्याच एका गावातला निवृत्त शिक्षक होता, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेणारा. काकूंनी त्याला सगळं समजावलं आणि शेवटी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. "बाकी काय हवं ते बदला. हे मात्र काढायचं नाही. गाडी याच्यासकट तपासून पास झालेली आहे." तो गंभीरपणे मान हलवत होता. तो गेल्यावर मी विचारलं, "काकू, असा नियम आहे?"

"इतके नियम त्यांनी केले. एक माझा."

त्या पुण्याला गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला आले. इथे सगळे मला माझ्या नावाने हाक मारतात. परवा पेट्रोल पंपाजवळून सायकलवरून जाताना ती हिरवी गाडी दिसली. तो शिक्षक डॅशबोर्ड पुसत होता, सुपारीच्या भोवतीने, जपून. अनोळखी माणसाशी मी आपण होऊन बोलत नाही, पण थांबले आणि ते काय आहे म्हणून विचारलं. "ते नक्की मला ठाऊक नाही," तो म्हणाला, "पण ते काढायची परवानगी नाही." मी म्हटलं, हात लावू का? त्याने जरा विचार करून हो म्हटलं.

रात्र होण्याआधी, पुण्यात उशीर होण्याआधी, मी काकूंना फोन केला. पलीकडे हॉर्नचा कल्लोळ होता. मी सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "हलवून बघितलीस का गं?"

"बघितली. घट्ट आहे."

"हं." पुन्हा हॉर्न. "अहो, फोन सरळ धरा, मला ऐकू येत नाहीये. आणि पाय सैल सोडा तो, तिथे ब्रेक नाहीये. ठेवते गं कॉन्व्हेंट, सिग्नल सुटला."

फोन बंद झाला. मी तो आणखी थोडा वेळ कानाशीच धरून उभी होते.